तोडणारे प्रथिन दुरुस्ती कसे करते?

प्रश्न : ई. कोलाय या जिवाणूतील रेकबीसीडी हे प्रथिन विषाणूंचा डीएनए नष्ट करते, असे एका पुस्तकात वाचले. दुसऱ्या पुस्तकात मात्र तेच तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करते, असे लिहिले आहे. दोन्ही विधाने खरी कशी?

उत्तर : दोन्ही खरी आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा अवघ्या आठ अक्षरांचा आहे. ई. कोलायचे गुणसूत्र वर्तुळाकार असते, त्यामुळे दुपेडी डीएनएचे मोकळे टोक पेशीत आढळले, तर बहुधा गुणसूत्र तुटलेले असते किंवा विषाणूचा डीएनए आत शिरलेला असतो. रेकबीसीडी दोन्ही प्रकारच्या टोकांना सारख्याच घट्टपणे चिकटते. त्यातील रेकबी आणि रेकडी हे घटक एकेका पेडावरून धावत सेकंदाला सुमारे हजार बेसजोड्यांपर्यंत (समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्यांपर्यंत) डीएनए उलगडतात, आणि उलगडलेले पेड रेकबीचाच एक भाग कापत जातो.

ही कापणी थांबते ती ‘काय’ (ग्रीक अक्षर χ) नावाच्या, डीएनएच्या आठ अक्षरांच्या क्रमाशी : जीसीटीजीजीटीजीजी. रेकसी हा घटक तो ओळखतो, तोही योग्य बाजूने आल्यासच. प्रथिन क्षणभर थबकते, पुढे निम्म्याच्या आसपास वेगाने चालते, ३-प्राइम टोकाचा पेड (पेडाच्या दोन वेगळ्या टोकांपैकी एकाचे हे नाव) कापणे सोडून देते आणि त्यावर जुळणारा क्रम शोधणारी रेकए प्रथिने बसवू लागते. मला या साऱ्या यंत्रणेतील हाच टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो, कारण कापणारे आणि दुरुस्ती सुरू करून देणारे प्रथिन एकच आहे. रेकएने वेढलेला पेड मग गुणसूत्राच्या शाबूत प्रतीत आपल्याशी जुळणारा क्रम शोधून तिथे शिरतो, त्या प्रतीवरून हरवलेला भाग पुन्हा लिहिला जातो, आणि शेवटी उरणारी चौपेडी गाठ रूव्हएबी हे प्रथिन सरकवते व रूव्हसी हे प्रथिन कापते.

ई. कोलायच्या के-१२ या प्रकाराच्या सुमारे ४६ लाख बेसजोड्यांच्या जनुकसंचात ‘काय’ हजाराहून अधिक ठिकाणी आहे, म्हणजे योगायोगाने अपेक्षित असतो त्याहून कितीतरी अधिक वेळा. प्रत्येक भेटीत तो ओळखला जातोच असे नाही. पण एक हुकला, तरी पुढे दुसरा असतो. ई. कोलायला ग्रासणाऱ्या लॅम्डा या विषाणूच्या मूळ जनुकसंचात मात्र तो एकदाही येत नाही, त्यामुळे त्याच्या डीएनएची कापणी थांबत नाही, आणि म्हणून हा विषाणू स्वतःचे गॅम प्रथिन बनवून रेकबीसीडीलाच निकामी करतो.