पावसाळी रानफुलं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरामागे दहा बाय दहा फुटांची मोकळी जागा आहे. गेल्या जूनमध्ये रानफुलांच्या मिश्र बियांचं पाकीट विस्कटलं. गवत माजलं आणि रोपं आली ती केशरी कॉसमॉसची. मधमाश्या, फुलपाखरं येतील असं काय पेरावं, कसं पेरावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: जूनमध्ये सगळं एकदम पेरलं, गणित तिथेच चुकलं. पहिल्या पावसाला गवत आधी उठतं आणि बारीक रोपं त्याखाली दबतात. शिवाय लवकर पेरलेलं ऑगस्टच्या झडीत फुलतं. पराग भिजतो, मधमाश्या बाहेर पडत नाहीत.

जूनमध्ये जमीन नुसती सारखी करून ठेवा. तण दोन-चार पानांवर आलं की खुरप्याने वरवर, जेमतेम २ सेंटिमीटर, खरवडा. खोल खणलं तर खाली गाडलेलं तणाचं बी वर येतं. असं दोनदा करा. शेणखत नको, नुसता पाला वाढतो, झाडं लोळतात. पाणी साचत असेल तर १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा.

एवढ्या जागेला कारळे ३ ग्रॅम, कुर्डूचं बी चिमूटभर आणि गावठी, एकेरी तेरड्याच्या ४०-५० बिया पुरतात. दुहेरी तेरडा नको, त्यात पाकळ्याच फार. तेरडा जूनअखेर कडेने टोका, म्हणजे एकेक बी मातीत खोचा. कारळे जुलैअखेर, वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही), दहापट कोरड्या वाळूत मिसळून अर्धे उभे, अर्धे आडवे फोका, म्हणजे हाताने विखरा, आणि अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती पसरा. कुर्डू त्यावर फोका. ते झाकायचं नाही, फळीने दाबायचं. जोराच्या सरीने बी एका कोपऱ्यात जमतं म्हणून वर शेडनेट अंथरा. चार-पाच दिवसांनी मोड दिसताच ती काढा, नाहीतर रोपं जाळीत अडकतात.

रोपं बोटभर झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी करा, म्हणजे मधली जादा रोपं उपटा. जीव होत नाही म्हणून बहुतेक जण हेच टाळतात आणि मग काडीसारखी, दोन फुलांची झाडं मिळतात. कारळ्यांना स्वतःच्या परागाने बी धरत नाही, मधमाश्या लागतातच. सप्टेंबरच्या उत्तरार्धात त्यांची गर्दी तिथेच दिसेल. किराणा दुकानातले कारळेही चालतात, भाजलेले नसले म्हणजे झालं. कुर्डूवर फुलपाखरं येतात.

आणि तो कॉसमॉस बी धरण्याआधी उपटा. मूळचा मेक्सिकोकडचा, पण पुण्याच्या टेकड्यांवर आधीच पसरला आहे.

प्रश्न: कास पठारावरची सीतेची आसवं कुंडीत येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही, आणि तिथून बीही आणू नका. ही कीटकभक्षी वनस्पती खडकावरच्या पातळ, कसहीन, सतत ओल्या मातीत जगते. कुंडीतल्या खतमातीत टिकत नाही. त्याऐवजी खुळखुळा हे रानझुडूप लावा. बी कठीण कवचाचं असतं, म्हणून पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवा, मग टोका. टायगर जातीच्या फुलपाखरांचे नर त्यातली विशिष्ट रसायनं मिळवायला येतात. बी विषारी असतं, शेळ्या-गुरं पोचतील तिथे लावू नका.