चिखलदऱ्याला गाडी टेम्पोत नेऊ नको, चालवत ने

भाऊ, दारव्ह्याहून चिखलदऱ्याला बाईक न्यायला छोटा हत्ती टेम्पो कशाला करतोस? नेर, बडनेरा, अमरावती, परतवाडा असा सरळ रस्ता आहे. पहाटे चारला निघ, ऊन चढायच्या आत परतवाड्यात चहा घे. पुढचा घाट हाच तर खरा आनंद आहे, तो टेम्पोच्या केबिनमधून बघणार का?

मात्र मुंबई-पुण्याला न्यायची असेल, तर गोष्ट वेगळी. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्यानेच जावं लागतं. त्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. नवशिक्याने तेव्हा खुशाल गाडी टेम्पोत टाकावी, त्यात कमीपणा काहीच नाही. रेल्वे पार्सलने पाठवलीस तर टाकी रिकामी करूनच द्यावी लागते.

टेम्पोत बांधताना मात्र स्वतः उभा राहा. माझ्या पहिल्या गाडीला ड्रायव्हरने हँडलच्या टोकाला नुसती सुतळी आवळली होती. उतरवली तेव्हा क्लचचा दांडा वाकलेला अन् टाकीवर दोराने घासलेला बोटभर रुंद पट्टा. फार जीवाला लागलं होतं. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे घे. पुढचं चाक टेम्पोच्या पुढच्या फाळक्याला टेकव, पट्टे हँडलखालच्या क्लॅम्पपासून दोन्ही बाजूंना खाली ओढ, पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंत. पूर्ण दाबू नको, आतलं तेल अडवणारे सील फुटतात. मागून आणखी दोन पट्टे, जिथे घासेल तिथे जुनं गोणपाट. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेव, स्टँडच्या भरवशावर सोडू नको. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबवून पट्टे परत आवळ. पहिल्या गचक्यांत ते सैल होतातच.