‘वाइल्डरनेस’ला ‘निर्जन अरण्य’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकी छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीची छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांवर मराठीत लिहिताना ‘वाइल्डरनेस’ला ‘निर्जन अरण्य’ म्हटले तर चालेल का?

‘अरण्य’ एक वेळ चालेल, ‘निर्जन’ मुळीच नको. दहाच वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन या कॅलिफोर्नियाच्या सशस्त्र तुकडीने आवानीची या तिथल्या मूळ रहिवाशांना त्या दरीतून हुसकावले होते. दरीतली कुरणे मोकळी राहिली होती, तीही ते लोक वर्षानुवर्षे गवत पेटवत आले म्हणून.

मग चित्रे निर्जन का वाटतात? थोडा हात तंत्राचाही आहे. सुमारे १८ × २२ इंचांच्या काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण ओतायचे, काच तीन-चार मिनिटे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वाळली की तिची संवेदनक्षमता गेली. भिंगाचे झाकण बराच वेळ उघडे ठेवावे लागे, त्यामुळे धबधब्याचा पिंजलेला कापूस होई आणि चालता माणूस पुसला जाई. काच निळ्या प्रकाशाने फार लवकर भारे, म्हणून ढग हरवून आभाळ कोरे पांढरे उमटे. एवढी अवजड काच खेचरांवर लादून न्यायची, कारण छाप काचेएवढाच निघे. तो मोठा करायची व्यवहार्य सोय नव्हती.

आता शब्द. ‘जंगल’चे मूळ ‘जांगल’. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा कोरडा प्रदेश! ‘रान’ अरण्यातूनच आले, पण देशावर ‘मालक रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत. ‘अरण्य’ हा ‘अरण’, म्हणजे दूरचे, परके, यावरून आलेला; अर्थाने तोच सर्वांत जवळचा. अडचण एवढीच की तो ऐकताच डोळ्यांपुढे झाडी येते, आणि वॉटकिन्सचा खरा विषय आहे ग्रॅनाइट. एल कॅपिटनचा कडा सुमारे ९०० मीटर उभा आहे. म्हणून माझे मत ‘अनघड मुलूख’ला. सोबत ‘भव्य’ लिहा, ‘रौद्र’ नको. मिरर लेकच्या निवांत पाण्यात रौद्र काय आहे?

१८६४ च्या योसेमिटी कायद्यासाठी ‘अभयारण्य’ही वापरू नका. त्यात ती जमीन लोकांचा वापर, विसावा आणि करमणूक यांसाठी राखली आहे. माणूस जिथे केवळ पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही, ही ‘वाइल्डरनेस’ची व्याख्या अमेरिकी कायद्यात १९६४ मध्ये आली. ‘निर्मनुष्य’ बसलाच तर तिथे बसेल.