डोकं दुखत नसतं त्या दिवशीही माझा भाऊ गप्प गप्प का असतो?

तुमच्या भावाला अर्धशिशी आहे हे घरात सगळ्यांना मान्य आहे, पण चांगल्या दिवशीही तो कशात नसतो, याचं तुम्हाला कोडं पडलंय. मला हा त्रास चौदा वर्षं आहे. दुखणाऱ्या दिवशी मनाचं फारसं काही उरतच नाही. अंधार, उलट्या, आणि कुणी दार वाजवू नये एवढीच इच्छा. झटका 4 ते 72 तास चालतो. मन पोखरलं जातं ते त्यानंतर, बऱ्या दिवसांत.

मी जांभई आली तरी दचकते. हसू नका, जांभया आणि चिडचिड ही झटक्याची खरोखरची पूर्वलक्षणं असतात. त्यामुळे साधा राग आला तरी प्रश्न पडतो, हा राग माझा की डोक्याचा? कुणी बोलावलं की ‘बघू’ म्हणायची सवय लागते. तीनदा शब्द मोडला की चौथ्यांदा देववत नाही. पुढे लोक बोलवायचंच सोडतात, आणि खरं सांगू, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटल्यासारखं वाटणं दुखण्यापेक्षा वाईट होतं, हे फार उशिरा कळलं.

त्याच भीतीपोटी मी दुखायच्या आधीच गोळी घेऊ लागले. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. ट्रिप्टानच्या, म्हणजे खास अर्धशिशीचा झटका थांबवायच्या गोळ्यांच्या बाबतीत महिन्यात 10 दिवसही पुरतात. भाऊ किती घेतो, एकदा मोजायला सांगा.

डॉक्टरांनी मला अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं. ते मुळात नैराश्यावरचं औषध आहे हे वाचून मी भडकले, म्हणजे माझं दुखणं यांना खोटं वाटतं! तसं नव्हतं. कमी मात्रेत ते अर्धशिशीचे झटके कमी करायलाही देतात. मात्र नैराश्य आणि अर्धशिशी एकमेकांना ओढून आणतात हेही खरं, एक असलं की दुसऱ्याची शक्यता वाढते. म्हणून न्यूरॉलॉजिस्टला झोप आणि मनःस्थितीबद्दलही त्याने मोकळेपणाने सांगायला हवं. जगणं नको झालंय असं काही तो बोलला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि रोज ‘आज बरंय ना?’ विचारू नका, त्याने लक्ष पुन्हा डोक्याकडेच जातं. माझी बहीण म्हणते, ‘चल, नाही जमलं तर अर्ध्यातून परत येऊ.’ तिच्याबरोबर मी जाते.