फ्री डिलिव्हरी म्हणून ऑर्डर केली, नंतर फोन आला की अजून पैसे द्या

ताई, तुमचं पत्र वाचलं, सोबतचे स्क्रीनशॉट पण बघितले. वाचणाऱ्यांसाठी आधी प्रकरण थोडक्यात सांगतो. तुम्ही एक टेबल ऑनलाइन मागवलं, पेजवर आणि ऑर्डरच्या मेलमध्ये पण डिलिव्हरी फ्री लिहिलेलं, पूर्ण पैसे तुम्ही यूपीआयने आधीच भरले. चार दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन, वस्तू मोठी आहे, 650 रुपये जास्तीचे द्या तरच आणतो. तुम्ही नाही म्हणालात, पार्सल परत गेलं, आणि आता कंपनीने रिफंड देताना जाण्यायेण्याचं शिपिंग म्हणून 1,300 रुपये कापून घेतले. तुम्ही विचारताय की पार्सल परत पाठवून माझी चूक झाली का, आणि एवढ्याशा रकमेसाठी तक्रार करणं बरं दिसतं का.

चूक तुमची नाही. आणि तक्रार करायलाच पाहिजे.

सौदा कधी पक्का झाला ते बघा. तुम्ही पैसे भरले, त्यांनी ऑर्डर कन्फर्म केली, तिथेच करार झाला, त्यात किंमत ठरली आणि डिलिव्हरी शून्य रुपये हे पण ठरलं. त्यानंतर वस्तू मोठी आहे, तुमचा पिनकोड लांब आहे, असलं काही कारण काढून एकट्याने रक्कम वाढवता येत नाही, त्याला तुमची संमती लागते. टेबल केवढं आहे हे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तर स्पष्ट आहे की एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि डिलिव्हरी, पोस्टेज, हँडलिंग, टॅक्स सगळ्याची फोड पण द्यायची. शिवाय 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे साइट-ॲपवर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 13 प्रकार दिलेत, त्यातला एक ड्रिप प्रायसिंग, म्हणजे किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं, आणि चेकआउटला दाखवली त्यापेक्षा जास्त रक्कम नंतर मागणं त्यात सरळ धरलंय. तुमचं प्रकरण नेमकं हेच आहे.

एक मात्र खरं सांगतो, पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या स्क्रीनवर डिलिव्हरी चार्ज वेगळा दिसत असता आणि तुम्ही न बघता पुढे गेला असतात तर केस बरीच कमजोर झाली असती. तुमच्या मेलमध्ये शून्य लिहिलंय. तो मेल डिलीट करू नका, पीडीएफ करून ठेवा.

आता खरी अडचण कुठे आहे ते सांगतो, कारण अशा प्रकरणात लोक इथेच अडकतात. कुरिअरच्या सिस्टीममध्ये पार्सल परत गेलं की कारण म्हणून बहुतेक वेळा एवढंच पडतं, ग्राहकाने नाकारलं. जास्तीचे पैसे मागितले हे तिथे कोणी लिहीत नाही. मग कंपनी म्हणते तुम्हीच वस्तू घेतली नाही, आमचा दोन्ही बाजूचा खर्च झाला, तो कापणार. सगळी कापाकापी त्या एका शब्दावर उभी आहे, त्यामुळे तो शब्द आधी मोडायचा. आजच कंपनीला मेल करा, मी वस्तू नाकारलेली नाही, मी ठरलेल्या किमतीत घ्यायला तयार होते, ठरलेल्यापेक्षा 650 रुपये जास्त मागितले गेले आणि ते मी दिले नाहीत म्हणून डिलिव्हरी झाली नाही. फोन आला त्याची तारीख, वेळ, नंबर त्यात टाका, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडा. कस्टमर केअरशी फोनवर कितीही बोललात तरी बोलणं झाल्यावर तेच चार ओळीत मेल करत जा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

आणि समजा ते म्हणाले की हे कॅन्सलेशनच आहे, तरी त्यांना मोकळं रान नाही. नियम असा आहे की कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच चार्ज स्वतः सोसत असेल तरच ग्राहकाकडून कॅन्सलेशन चार्ज घेता येतो. मेलमध्ये हे विचाराच.

मेल कोणाला? साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं त्यांना बंधनकारक आहे, त्याच माणसाला. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची. विकणारा वेगळा आणि साइट वेगळी असेल तर लेखी मागून विक्रेत्याचा पूर्ण पत्ता घ्या, तो द्यावाच लागतो, कारण पुढे नोटीस दोघांनाही जायला हवी, एकाला पाठवली की दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती आदेश देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत अधिकृतपणे पोचते आणि छोट्या रकमांचे वाद बरेचदा तिथेच मिटतात.

नाही मिटला तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार चांगली सोय झाली, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस देशात कुठेही असू दे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही, आणि मी वकील असूनही सांगतो, एवढ्या रकमेसाठी लावू नका, स्वतः उभ्या राहा. तक्रार ऑनलाइन भरता येते, ई-जागृती पोर्टलवर, आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत 2 वर्षं आहे पण तेवढं थांबू नका, पुरावे हळूहळू हरवत जातात. स्क्रीनशॉट जोडाल तेव्हा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र, पण जोडून टाका.

तक्रार लिहिताना एक काळजी घ्या. कंपनीच्या अटी अन्यायकारक आहेत, करारच अनुचित आहे असं रागाच्या भरात लिहू नका. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते, आणि उगाच तुमची तक्रार त्या एका शब्दावरून लटकेल. तुम्ही अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी एवढंच लिहा. मागणी काय, कापलेले 1,300, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. भरपाईचा आकडा अवाच्या सवा टाकू नका, पटेल असा टाका.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की नंतर एक मेसेज पण आला, लिंकवर थोडे पैसे भरा म्हणजे डिलिव्हरी परत लावतो. त्या लिंकला हात लावू नका. असे मेसेज सर्रास फसवणुकीचे असतात. चुकून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा, तिथे प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

आणि बरं दिसतं का म्हणालात त्याबद्दल. 1,300 ही लहान रक्कम आहे म्हणूनच ती कापली जाते, कोणी विचारणार नाही या हिशोबावर. रक्कम छोटी असली तरी तुमचा हक्क छोटा होत नाही. मेलचा मसुदा तयार करून मला पाठवा, मी बघून देतो, मग तो तक्रार अधिकाऱ्याला जाऊ दे.