मोबाइल येतो म्हणजे संगणक येतो का?

कळव्याहून एक आई विचारतात: मुलगा नववीत आहे. मोबाइलमधलं त्याला सगळं येतं, पण कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकात मार्क जातात. असं का?

मोबाइलवर फोटो काढला की तो आपोआप गॅलरीत जातो. कुठे साठवला गेला हे मुलाला कधी बघावंच लागत नाही. संगणकावर मात्र पहिलं घोडं तिथेच अडतं. प्रकल्प टाइप होतो, सेव्ह होतो आणि पुढच्या तासाला फाइल सापडत नाही. शीर्षक मधोमध आणायला मुलं स्पेसबार दाबत राहतात, एका कॅपिटल अक्षरासाठी कॅप्स लॉक चालू-बंद करतात. ताई, यात हुशारीचा संबंध नाही, हाताला सवय नाही एवढंच.

‘असर’ या शिक्षणस्थितीच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांची पाहणी आहे. घरी संगणक असलेल्यांपैकी 85 टक्क्यांना तो वापरता येत होता. नसलेल्यांपैकी सुमारे 34 टक्क्यांना. पाहणी गावांमधली असली तरी आपल्या चाळींतही मला हेच दिसतं: रोज हाताखाली यंत्र असलेलं मूल पुढे जातं.

घणसोलीतले एक शिक्षक: लॅबमध्ये एका संगणकापुढे चार मुलं बसतात. काय करावं?

माउस कोणाच्या हातात असतो ते आधी बघा. ज्याच्या घरी संगणक आहे तोच तो धरतो, बाकीचे मान वर करून बघतात, आणि बघणाऱ्यांत मुली जास्त असतात. दर दहा मिनिटांनी जागा सक्तीने बदला. मुलींना हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर 2018 चा आयसीआयएलएस हा आठवीच्या विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास दाखवा: संगणक आणि माहिती साक्षरतेत मुलींचे सरासरी गुण मुलांपेक्षा जास्त होते. भारत त्यात नव्हता, पण मुद्दा पुरेसा स्पष्ट आहे.

आणि ‘इनपुट साधनांची नावे लिहा’ हे फळ्यावरचं थांबवा. सहलीच्या वर्गणीचा हिशेब मुलांनाच एक्सेलमध्ये मांडू द्या. बेरीज चुकली की सूत्र का लागतं ते आपोआप कळतं.

दिघ्याहून एक रिक्षाचालक: मुलीसाठी कर्ज काढून लॅपटॉप घेऊ का?

दादा, कर्ज नको. 8 जीबी रॅम (कामाची मेमरी) आणि एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) असलेला जुना डेस्कटॉप तिला पुरेल. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, त्यामुळे जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी उबुंटू आणि वर्ड-एक्सेलच्या कामांसाठी लिबरऑफिस टाकून घ्या. दोन्ही फुकट आहेत. एमएस-सीआयटी दहावीनंतरच्या सुट्टीत करता येईल.

ठाण्याची एक विद्यार्थिनी: माझं माध्यम मराठी. सगळं इंग्रजीत दिसतं, म्हणून भीती वाटते.

भाषेची अडचण खरी आहे, तू कमी पडत नाहीस. संगणकाची भाषा मराठी करता येते. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डवरच्या मराठी अक्षरांची मांडणी शीक: ‘के’ दाबलं की क, शिफ्टसह ख, ‘आय’वर ग, शिफ्टसह घ. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. रोज वीस मिनिटं धड्यातला एकच उतारा टाइप कर, कीबोर्डकडे न बघता.