शिट्ट्या मोजू नकोस, घड्याळ बघ

प्रश्न : काकू, मी नोकरीनिमित्त पुण्यात एकटा राहतो. दर रविवारी सकाळी मटण आणतो आणि आल्या आल्या कुकरला लावतो. सात शिट्ट्यांत ते चिवट राहतं, दहा केल्या तर काही फोडींचा लगदा होतो आणि काही तशाच. खाटीक म्हणतो, ‘आत्ताच कापलंय, यापेक्षा ताजं कुठं मिळणार?’ चांगला महागातला कुकर घेऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पैसे ठेव खिशात. खाटीक खरं बोलतोय आणि घोळही तिथंच आहे. बोकड कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात. नेमक्या त्या वेळी मटण चुलीवर चढलं की कितीही शिजवा, दाताला लागतंच. शनिवारी आण, झाकून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेव आणि रविवारी कर. एका रात्रीत ते सैल पडतं. आमच्या कोल्हापुरात हे लोकांना पटत नाही. सकाळी आठला दुकानापुढं रांग लावून आणलेलं मटण शिळं का करायचं, म्हणतात. मीही तशीच होते.

दुसरं, तू मागतोस काय? ‘अर्धा किलो द्या’ म्हटलंस तर तो हाताला येईल ते देणार. रश्श्यासाठी मांडी आणि खांदा मिसळून माग, दोन नळ्या, दोन-चार चापा, थोडी चरबी. नुसती मऊ मांडी घेऊन रस्सा होत नाही, कारण रश्श्याला अंग येतं ते हाडाजवळच्या चिवट पडद्यांमुळं. ते हळूहळू विरघळतात. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये थिजलेला दिसतो ना, तो त्यांचाच प्रताप. कलेजी घेतलीस तर वेगळी ठेव, शेवटच्या दहा मिनिटांत घाल. आधी घातली की खडूसारखी लागते.

आता शिट्ट्या. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. मोठ्या आचेवर सात शिट्ट्या पाच-सात मिनिटांत होतात, बारीक आचेवर वीस मिनिटांतही होत नाहीत. कुकरमध्ये दाबामुळं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून काम लवकर होतं एवढंच. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक कर, घड्याळ लावून वीस मिनिटं थांब आणि वाफ आपोआप जिरू दे. चमच्यानं शिट्टी उचलून वाफ सोडायची सवय असेल तर ती मोड.

मी स्वतः मात्र जाड बुडाचं पातेलं वापरते. तेलात कांदा, आलं-लसूण, मीठ, मग मटण घालून परतायचं, त्याचं अंगचं पाणी सुटेपर्यंत. वर खोलगट ताट ठेवून ताटात पाणी. ते कढत झालं की आत ओतायचं आणि ताटात पुन्हा नवं. मटणात गार पाणी ओतलेलं माझ्या सासूबाईंना दिसलं असतं तर पातेल्यासकट मला बाहेर काढलं असतं त्यांनी. सव्वा ते दीड तास लागतो. हे झालं अळणी. त्याची पहिली वाटी आमच्याकडं घरातल्या पोरांची. मोठ्यांना मसाला पडल्यावरच.

प्रश्न : मिक्सरच्या वाटणाला पाट्याची चव येत नाही, असं सासूबाई म्हणतात. खरंच फरक पडतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आल्या-लसणाला नाही. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस यांना पडतो. मिक्सरचं पातं कापतं, वरवंटा रगडतो. रगडल्यानं खोबऱ्याचं तेल सुटतं आणि तर्री वर येते. मिक्सरच वापरायचा असेल तर भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या, पाणी चमचा-चमचा घाला, थांबून थांबून फिरवा. माझा पाटा सिंकखाली आहे. तो आखाडात एकदा निघतो. उरलेलं वर्ष मिक्सरवर, आणि घरात कुणी ओळखत नाही. (हे सासूबाईंना वाचून दाखवू नका.)

प्रश्न : परदेशात डब्यातलं नारळाचं दूध मिळतं. त्याचा पांढरा रस्सा दर वेळी फाटतो, शिवाय पिवळट दिसतो.
— एक वाचक, दुबई

उत्तर : पिवळट दिसतो कारण तुम्ही मटणाला हळद लावताय. पांढरा करायचा असेल तर अळणीत हळद नको, लाल तिखट तर नकोच. खडा मसाला थोड्या तुपात परता, त्यावर काजूचं वाटण, मग गाळलेलं अळणी. त्याला एक उकळी आली की गॅस बंद. जरा निवलं की नारळाचं दूध घाला आणि परत नुसतं गरम करा, उकळू देऊ नका. डबा आधी चांगला हलवा, साय वर जमलेली असते.

फाटणं माझ्या हातूनही झालंय. मुलाच्या सोयरिकीची माणसं आली होती आणि मी दूध घातलेला रस्सा शेगडीवर ठेवून दारात गप्पा मारत उभी राहिले. परत येऊन बघते तर वर तेल, खाली चोथा. तो सगळा तांबड्यात ओतला, वर कांदा-लसूण चटणी वाढवली आणि पांढरा केलाच नव्हता असं सांगितलं. पाहुण्यांनी तांबडा तीनदा मागून घेतला.